एकोणपन्नास प्रोसेस आणि आबांची औटकी

लोकलमध्ये नेटवर्क जातं, ऑफिसात इअरफोन घातला की मॅनेजर बघतो, म्हणून ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय. फक्त मधले 'अं', 'म्हणजे काय तर' आणि शेजारच्यांच्या कुत्र्याचं भुंकणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे स्मरणशक्तीच्या युक्त्यांचा इतिहास. आणि या विषयाकडे मी वळलो त्याचं कारण सरळ आहे. मी गेल्या वर्षी पीएमपीच्या परीक्षेत नापास झालो.

आयटीतल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. १९८४ पासून ती पीएमपी नावाचं सर्टिफिकेट देते. मी परीक्षा दिली तेव्हा १८० प्रश्न आणि २३० मिनिटं असं गणित होतं. फी बऱ्यापैकी जड असते, आणि माझी कंपनी ती परत देते, पण पास झाल्यावर. नापास झालात तर पैसे तुमचे. वर टीममध्ये सगळ्यांना माहीत असतं की तुम्ही त्या दिवशी सुट्टी कशासाठी घेतली होती.

स्क्रीनवर निकाल आला. त्यात टक्के येत नाहीत, प्रत्येक विभागापुढे एक शेरा येतो. 'प्रोसेस' या विभागात माझा शेरा ठीक होता. 'पीपल' या विभागात, म्हणजे माणसं सांभाळण्याच्या विभागात, सगळ्यात खालचा. आणि या विभागाला ४२ टक्के वजन होतं.

मला धक्का बसला, कारण पाठांतरात मी कुठेच कमी पडलो नव्हतो. पीएमआयचं जे मुख्य पुस्तक आहे, पीएमबॉक गाइड, त्याच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत दहा विभाग आणि पाच गटांत मिळून ४९ प्रोसेस आहेत. मला त्या एकोणपन्नासच्या एकोणपन्नास तोंडपाठ होत्या. 'तानापिहिनिपाजा' आठवतंय ना शाळेतलं? तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तसंच मी दहा विभागांचं बनवलं होतं: इंस्कोशेकॉ-क्वारिकरिप्रोस्टे. इंटिग्रेशन, स्कोप, शेड्यूल, कॉस्ट, क्वालिटी, रिसोर्स, कम्युनिकेशन, रिस्क, प्रोक्युअरमेंट, स्टेकहोल्डर. दाढी करताना म्हणायचो. कुठल्या विभागात किती प्रोसेस, ते दहा आकडे मोबाइल नंबरसारखे पाठ. प्रत्येक प्रोसेसचे इनपुट काय, टूल कुठलं, आउटपुट काय, तेही बरंचसं पाठ. एका क्लासमधल्या सरांनी सांगितलं होतं, 'हा तक्ता कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत लिहिता आला की तुम्ही पास.' मी साडेआठ मिनिटांवर आलो होतो.

पेपरात तक्ता कुणी विचारलाच नाही. विचारलं काय, तर टीममधल्या दोन सीनिअर लोकांचं पटत नाहीये, एकजण मीटिंगला येणं बंद झालाय, क्लायंट डेमो मागतोय, प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वात आधी काय करावं? चार पर्याय. चारही बरोबर वाटणारे. आणि माझ्या डोक्यात इंस्कोशेकॉ.

मग मी चिडून शोधायला बसलो, की या सगळ्या युक्त्या मुळात कोणी काढल्या आणि कशासाठी काढल्या. अभ्यास करायचा सोडून. माझी जुनी सवय आहे ती, बग सापडला की आधी गिट ब्लेम.

गिट ब्लेमची पहिली कमिट सापडली ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी साधारण पाचशेच्या आसपास. सिमोनिडीस नावाचा कवी. थेसली प्रांतातला स्कोपास नावाचा एक धनिक, त्याने मेजवानी ठेवली आणि सिमोनिडीसकडून स्वतःच्या स्तुतीची कविता करून घेतली. कवीने अर्ध्या कवितेत कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांची स्तुती केली. स्कोपास म्हणाला, अर्धे पैसे मी देतो, उरलेले तुझ्या देवांकडून घे. (क्लायंट तेव्हाही असेच होते.) थोड्या वेळाने निरोप आला की दारात दोन तरुण तुम्हाला बोलावताहेत. सिमोनिडीस बाहेर गेला, बाहेर कुणी नव्हतं, आणि तेवढ्यात मागे छप्पर कोसळलं. आतले सगळे गेले. चेहरे ओळखू येईनात, नातेवाइकांना कळेना की कुणाचा देह कुठला. सिमोनिडीसने डोळ्यांपुढे पंगत आणली, कोण कुठे बसलं होतं ते आठवलं आणि एकेकाची ओळख पटवली. त्यावरून त्याच्या लक्षात आलं म्हणतात, की माणसाला जागा छान लक्षात राहतात. तर जे लक्षात ठेवायचं ते जागांवर ठेवून द्यावं.

ही गोष्ट आपल्याला सांगतो रोमचा सिसेरो, इसवी सनापूर्वी ५५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चारशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे मीठ बेताने घ्या. पण तंत्र खरं आहे. त्याचं आज उपलब्ध असलेलं सर्वात जुनं सविस्तर वर्णन एका लॅटिन ग्रंथात आहे, सिसेरोच्या थोडं आधीचं, लेखक अज्ञात. त्यातल्या सूचना वाचून मी थक्क झालो, कारण त्या यूजर मॅन्युअलसारख्या आहेत. जागा फार उजेडाची नको, फार अंधारी नको. गर्दीची नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चित्र पुसट होतं. दर पाचव्या जागेवर खूण करा, उदाहरणार्थ सोन्याचा हात. आणि जे चित्र ठेवाल ते साधं ठेवू नका. हास्यास्पद करा, रक्ताने माखवा, मुकुट घाला. रोजचं काही लक्षात राहत नाही, विचित्र राहतं.

हे मी पहिल्या प्रयत्नाच्या वेळी यूट्यूबवरून शिकलो होतो, 'मेमरी पॅलेस' या नावाने. माझा पॅलेस म्हणजे सातारा जिल्ह्यातलं आबांचं घर. आबा म्हणजे माझे आजोबा. अंगण, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, परडं, गोठा, विहीर. मोजा, बरोबर दहा. अंगणात सगळ्या घराच्या वायरी एकत्र गुंडाळलेल्या, ते इंटिग्रेशन. माजघरात पेटाऱ्याला नोटांचा हार, ते कॉस्ट. न्हाणीघरात काका मोठमोठ्याने गाणी म्हणतोय, ते कम्युनिकेशन. परड्यात साप, म्हणजे रिस्क. गोठ्यात म्हैस टेंडरचा कागद खातेय, ते प्रोक्युअरमेंट. आणि विहिरीच्या काठावर अख्खा गाव वाकून बघतोय, स्टेकहोल्डर. एकदा बसवलं ते आजही जसंच्या तसं आहे. म्हैस अजून चघळतेय.

२००३ साली लंडनमधल्या संशोधकांनी स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांत चमकलेल्या वगैरे दहा जणांचा अभ्यास केला होता. त्यांची बुद्धी किंवा मेंदूची रचना वेगळी निघाली नाही. दहातले नऊ जण हीच जागांची युक्ती वापरत होते. तेव्हा युक्ती फसवी नाही, हे पक्कं.

मग माझं काय चुकलं? याचं उत्तर मला क्विंटिलियनकडे मिळालं. हा पहिल्या शतकातला रोमन शिक्षक, वक्तृत्व शिकवायचा. स्वभावाने शंकेखोर, मला फार आवडला. तो म्हणतो, सिमोनिडीसच्या गोष्टीतला देवांचा भाग मला पटत नाही. पुढे म्हणतो, नावांची यादी लक्षात ठेवायची असेल तर जागांची युक्ती ठीक. पण सलग भाषण त्याने कसं पाठ होणार? प्रत्येक शब्दासाठी चित्र शोधायचं, म्हणजे ओझं दुप्पट. त्यापेक्षा तुकडे पाडा, रोज सराव करा, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पाटीवरूनच पाठ करा. थोडक्यात, यादीचं हत्यार यादीला वापरा. मी यादीचं हत्यार घेऊन भांडणाच्या प्रश्नावर गेलो होतो.

आता आपल्याकडे येऊ. कारण पाठांतर म्हटलं की आपल्याकडे पहिला विषय वेदपठणाचा निघतो, आणि त्यावर व्हॉट्सॲपवर बरंच काही फिरतं. पण त्यातलं इंजिनीअरिंग खरंच बघण्यासारखं आहे. शब्दांना आकडे देऊ. आधी पदपाठ, म्हणजे शब्द सुटे सुटे: एक, दोन, तीन, चार. मग क्रमपाठ: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. मग जटापाठ: एक-दोन, दोन-एक, एक-दोन, दोन-तीन, तीन-दोन, दोन-तीन. आणि घनपाठ: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असं पुढे सरकत जायचं. अजूनही प्रकार आहेत, ध्वज, दंड, रथ, माला वगैरे.

कोड लिहिणाऱ्या कुणालाही हे बघितलं की एकच शब्द सुचेल, चेकसम. तीच माहिती उलटसुलट इतक्या वेळा येते की एक अक्षर जरी घसरलं तरी दुसरीकडे लगेच पकडलं जातं. कागद नाही, बॅकअप नाही, आणि तरी शब्दच काय, स्वरसुद्धा जपले गेले. २००३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली ती उगाच नाही. बरोबरीने हेही सांगायला हवं की हे दार बायकांना आणि समाजातल्या बहुतेकांना बंद होतं. व्हॉट्सॲपवर हा भाग येत नाही.

पण त्याचं उद्दिष्ट बघा. डेटा जसाच्या तसा पुढे पाठवणे. उलट क्रमाने म्हटलं की वाक्याचा अर्थ राहतच नाही, आणि राहायची गरजही नाही. अर्थाचं खातं वेगळं. आणि हे त्या लोकांनाही माहीत होतं. यास्क, वेदांतल्या शब्दांचे अर्थ लावणारा प्राचीन पंडित, त्याच्या निरुक्तात अर्थ न समजता पाठ करणाऱ्याला ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा आहे. हे वाचलं तेव्हा मी रात्री पाऊण वाजता एकटाच हसलो. साडेआठ मिनिटांत तक्ता लिहिणारा खांब.

यानंतर मधली बरीच शतकं मी गाळतो. थेट जर्मनीत जाऊ, कारण सगळे यूट्यूबवाले तिथेच जातात. 'माणूस शिकलेलं ९० टक्के आठवड्यात विसरतो, असं एबिंगहाउसने सिद्ध केलंय', हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझ्या क्लासमध्ये पहिल्याच स्लाइडवर होतं. खाली वक्र रेषा, रेषेखाली कोर्सची फी.

हेर्मान एबिंगहाउसने काय केलं ते नीट बघू. त्याने साधारण २३०० निरर्थक अक्षरजोड्या बनवल्या. दोन व्यंजनांमध्ये एक स्वर, ज्याला काहीच अर्थ नाही अशा. त्यांच्या याद्या ठरावीक वेगाने वाचायच्या, पूर्ण पाठ व्हायच्या, मग काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्यांदा किती मेहनत वाचली ते मोजायचं. हे सगळं त्याने फक्त एका माणसावर केलं. स्वतःवर. १८८५ साली पुस्तक छापलं.

त्याचे आकडे असे: वीस मिनिटांनी मेहनतीची बचत ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने जवळजवळ ३४, सहा दिवसांनी २५ आणि महिन्याभराने २१. म्हणजे आठवड्यात ९० टक्के वगैरे कुठेही नाही. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा बचत शिल्लक आहे, आणि तीही निरर्थक अक्षरांची! घसरण पहिल्या दिवसात जोरात होते आणि मग रेषा जवळपास आडवी होते, हे मात्र खरं. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. एकाच माणसावर, सुमारे सत्तर तास. रेषा बरीचशी तशीच निघाली.

पण त्याच पुस्तकातल्या आणखी दोन गोष्टी स्लाइडवर कुणी टाकत नाही. एक, त्याने बायरनची कविताही पाठ करून बघितली. तिला निरर्थक अक्षरांच्या साधारण एक दशांश मेहनत लागली. एक दशांश! अर्थ आणि लय असली की काम इतकं हलकं होतं. दोन, बारा अक्षरांच्या यादीला एका दिवशी सलग ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, तोच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर मिळाला.

हे वाचल्यावर मी भिंतीवरचा तो तक्ता काढला. कारण खरं सांगायचं तर मी इनपुट-आउटपुटच्या याद्या निरर्थक अक्षरांसारख्या पाठ केल्या होत्या. उदाहरण देतो. अर्न्ड व्हॅल्यूची सूत्रं. ईव्ही वजा एसी, ईव्ही वजा पीव्ही, ईव्ही भागिले एसी, ईव्ही भागिले पीव्ही. पहिल्या खेपेला मी 'ईव्ही नेहमी पुढे' अशी युक्ती लावून पाठ केलं होतं आणि पेपरात घाबरून उलटं केलं. दुसऱ्या खेपेला सोसायटीच्या रंगकामाचा विचार केला. चार इमारती, प्रत्येकी एक लाख, आठवड्याला एक. दोन आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे दोन लाखांचं काम व्हायला हवं होतं, ते पीव्ही. झालंय दीड इमारतीचं, म्हणजे दीड लाखाचं, ते ईव्ही. ठेकेदाराने घेतलेत एक लाख ऐंशी हजार, ते एसी. आता सेक्रेटरी विचारेल, पैसे किती जास्त गेले? दीड लाखातून एक लाख ऐंशी हजार वजा, तीस हजारांचा खड्डा. रुपयाला किती काम मिळालं? दीड भागिले एक पूर्णांक आठ, म्हणजे त्र्याऐंशी पैशांचं. यात पाठ करण्यासारखं काय उरलं? सोसायटीच्या मीटिंगला एकदा बसलेला माणूस हे विसरूच शकत नाही.

पुढची कहाणी भराभर सांगतो, कारण ती तुमच्या मोबाइलमध्येच आहे. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने खोक्याची पद्धत मांडली. प्रश्नांची कार्डं, खोक्याला कप्पे. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. १९८५ मध्ये पोलंडमध्ये प्योत्र वोझ्नियाक नावाचा विद्यार्थी स्वतःच्या अभ्यासाला वैतागून वहीतच प्रयोग करत बसला, की किती दिवसांनी उजळणी केली तर विसरायच्या जरा आधी गाठता येतं. त्याचे पहिले आकडे एक, सात, सोळा आणि पस्तीस दिवस असे होते. १९८७ मध्ये त्याने त्याचं सॉफ्टवेअर केलं, सुपरमेमो. त्यातल्याच एका अल्गोरिदमवर २००६ मध्ये अंकी हे ॲप उभं राहिलं. अंकी हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. मला आधी वाटायचं की 'अंक'वरून आलाय.

आणि २००६ मधलंच एक संशोधन, रोडिगर आणि कार्पिके या दोघांचं, अमेरिकेतल्या सेंट लुइसचं. विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले, एक सूर्यावर, एक सी ऑटर म्हणजे समुद्रातल्या पाणमांजरांवर. एका वेळी उतारा दोनदा वाचायचा. दुसऱ्या वेळी एकदा वाचायचा आणि मग न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेलं पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं: वाचलेलं ४२, आठवून लिहिलेलं ५६. गंमत म्हणजे पुढच्या प्रयोगात ज्यांनी नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं त्यांनाच सर्वात जास्त खात्री होती की आपल्याला छान आठवणार. तो आत्मविश्वास मी ओळखतो. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्याकडे भरपूर होता.

तर हे सगळं वाचून मी दिवाळीला गावी गेलो. आबा ओसरीवर बसले होते. आबा एसटीत कंडक्टर होते, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. चष्मा कुठे ठेवला ते रोज विसरतात. मी त्यांना सहज विचारलं, "आबा, तुम्हाला ती औटकी अजून येते का?"

"येती की. इचार."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे पूर्वी अपूर्णांकांचे पाढे असायचे. पावकी म्हणजे पावाचा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीची मापं असताना याशिवाय बाजारच करता आला नसता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मग किलो-लिटर आले, आणि हे पाढे शाळांतून हळूहळू गेले. आबा तेव्हा शाळेत होते, शेवटच्या काही तुकड्यांपैकी.

"सात औट?"

"साडेचोवीस."

"सत्तावीस औट?"

"साडेचौऱ्याण्णव. पुढं?"

मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसलो होतो. बरोबर होतं.

मी विचारलं की हे राहिलं कसं एवढी वर्षं. ते म्हणाले, दिवेलागणीला परवचा असायचा. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, दिव्यापुढे बसून, पुस्तक न उघडता पाढे म्हणायचे. आज हे, उद्या ते, चुकलं की मागे जायचं. वडील जेवणाच्या ताटावरून मधेच एखादा विचारायचे. आणि नंतर नोकरीत रोज हिशोब, सुट्टे पैसे, घाटात बस हलत असताना.

मंडळी, पुस्तक न उघडता. रोज थोडं. चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. मी पोलंड, जर्मनी, अमेरिका फिरून आलो होतो आणि उत्तर ओसरीवर बसून सुपारी कातरत होतं. आता इथे मला 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं अजिबात म्हणायचं नाहीये. परवच्यात छड्याही होत्या, आबांच्या बरोबरीची अर्धी मुलं त्या धाकाने शाळा सोडून गेली हे आबाच सांगतात. वोझ्नियाकने दिवस मोजले, रोडिगरने तुलना केली, ते काम परवच्याने केलेलं नव्हतं. पण सवय होती.

त्याच संध्याकाळी मी आबांना पेपरातल्यासारखा एक प्रश्न मराठीत करून सांगितला. दोन माणसं भांडताहेत, एक कामावर येईना, वरून साहेब काम मागतोय. आधी काय कराल?

आबा म्हणाले, "साहेबाकडं न्हाई जायचं आधी. त्या न येणाऱ्याला गाठायचं, एकट्याला, चहाला. का येत न्हाईस इचारायचं. डेपोत हेच करायचो आम्ही."

पर्याय ब. अगदी बरोबर. मी महिनाभर जे पुस्तकात शोधत होतो.

पुण्यात परतल्यावर मी पद्धत बदलली. अंकीवर याद्यांची कार्डं शंभरच्या आत ठेवली. बाकीची सगळी कार्डं प्रसंगांची, समोर परिस्थिती आणि मागे फक्त निर्णय नाही तर कारण. चुकलेल्या सराव प्रश्नाचं स्पष्टीकरण नुसतं वाचायचं नाही, दुसऱ्या दिवशी न बघता मराठीत सांगायचं. कुणाला? रविवारी आबांना फोनवर, बाकी दिवशी रूममेटला, तो बिचारा मेकॅनिकलचा. गोष्ट मराठीत सांगता आली नाही तर समजायचं की ती आपल्याला इंग्रजीतही कळलेली नाही. संध्याकाळी सात ते पावणेआठ, फोन बाजूला. कॅलेंडरवर मी त्या स्लॉटला नाव दिलं होतं 'परवचा'. मॅनेजरने विचारलं ही कुठली मीटिंग, मी म्हटलं रिकरिंग आहे.

म्हैस, साप आणि विहीरसुद्धा ठेवली. यादी जिथे लागते तिथे यादीचं हत्यार चालतं, क्विंटिलियनचीही तक्रार नसती. फक्त त्यावर तीन महिन्यांऐवजी तीन दिवस घालवले.

दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. 'पीपल'मध्ये शेरा 'टार्गेट', त्याच्या वर नाही. फी परत मिळाली, पण एकाच वेळची.

मागच्या रविवारी आबांचा फोन आला होता. म्हणाले, "तुझ्या त्या एकोणपन्नासचं काय झालं रं?" मी जोशात सुरुवात केली आणि सतराव्या-अठराव्यावर अडकलो. परीक्षा झाल्यापासून अंकी उघडलंच नव्हतं. आता उघडलं तर ३१२ कार्डं थकलेली दिसताहेत. ॲप डिलीट करावं की नाही, ते ठरत नाहीये.

"बरं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "तेरा औट सांग."

मी म्हटलं, "आबा, एक मिनिट, कॅल्क्युलेटर..."

फोनवर हसण्याचा आवाज आला, आणि मग आजीचा, की यांचा चष्मा न्हाणीघरात सापडलाय.

तर पुढच्या एपिसोडमध्ये हेन्री गँट, त्याचा तो प्रसिद्ध चार्ट आणि जहाजं. तोपर्यंत तुमच्या घरी कुणाला पावकी-निमकी येत असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. आवाज स्पष्ट असेल तर एपिसोडच्या सुरुवातीला लावतो.